दारे, कठडे, फळ्या: पावसाळ्यानंतरची बुरशी

हत्ती नक्षत्राचा पाऊस सरला आणि ऑक्टोबरचे ऊन पडवीत उतरू लागले, की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. जून-जुलैत लोणच्याला बुरा आला, पापड मऊ पडले, कपाटातल्या कपड्यांना वास येतो, अशा तक्रारी असतात. आता पाळी लाकडाची. ओटीवरचा सागवानी दरवाजा काळवंडला. माडीच्या बाहेरच्या फळ्यांवर काजळी धरल्यासारखे ठिपके आले. झोपाळ्याच्या पाटावर बसले की कपड्यांना काळे लागते. म्हसळा, दापोली, राजापूर, थोडीफार पत्रे ठाणे जिल्ह्यातूनही. एका वडीलधाऱ्या वाचकांनी लिहिले आहे, "मुलगा कुवेतहून फोन करतो, पैसे पाठवतो, रंग मारून टाका म्हणतो. मारू का?"

त्यांना आमचे उत्तर आहे, अजिबात नको. पण त्याआधी दुसऱ्या एका पत्राबद्दल बोलायला हवे. त्यासाठीच या महिन्याचे हे पान आम्ही बुरशीला दिले आहे.

एका भगिनीने पडवीचा कठडा घासायला ब्लीचिंग पावडर भिजवली. डाग हट्टी निघाले. तेव्हा "जोर वाढावा" म्हणून त्यांनी त्याच बादलीत न्हाणीघर धुवायचे ॲसिड ओतले. बादलीतून हिरवट-पिवळा वाफारा उठला, घसा जळू लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या पडवीत होत्या, चारी बाजूंनी मोकळी हवा होती, म्हणून निभावले. तरीही ती रात्र दम लागलेल्या अवस्थेत इस्पितळात गेली. हेच दार बंद करून न्हाणीघरात केले असते तर काय झाले असते, ते लिहवत नाही. त्या बादलीतून निघाला तो क्लोरीन वायू. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ सैनिकांवर सोडला गेला होता तोच.

म्हणून पुढचे काही वाचले नाही तरी चालेल, एवढे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कामाला येणाऱ्या बाईंनाही. ब्लीच कोणतेही असो, पातळ बाटलीतले किंवा पावडरीचे, त्यात पाणी आणि साधा साबण यांशिवाय काहीही मिसळायचे नाही. ॲसिड नाही, संडास धुवायचे द्रव नाही, लिंबू नाही, सिरकाही नाही. सिरका स्वयंपाकघरातला म्हणून निरुपद्रवी वाटतो, पण तोही आम्लच आहे आणि ब्लीचमधून क्लोरीन बाहेर काढतो. अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव ब्लीचमध्ये पडले तर दुसराच विषारी वायू तयार होतो. एका दिवशी ब्लीच वापरले तर त्या फळीवर त्याच दिवशी दुसरे औषध लावायचे नाही. बादल्याही वेगळ्या ठेवाव्यात. चुकून वायू झालाच तर बादली उचलायला किंवा ओतून द्यायला थांबू नका. आधी माणसे मोकळ्या हवेत न्या, डोळे १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि छाती भरल्यासारखी वाटली तर थेट डॉक्टरकडे जा. त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो, त्यामुळे "आता बरे वाटते" म्हणून घरी बसू नये.

आता बुरशीकडे येऊ.

हे काळे ठिपके म्हणजे नुसता मळ नाही, ती जिवंत वस्ती आहे. बुरशीचे बीजाणू हवेत बाराही महिने तरंगत असतात, त्यांच्यापासून कोणतेही घर सुटत नाही. ओल, सावली आणि थोडे खाद्य मिळाले की ते रुजतात. बाहेरच्या रंगवलेल्या लाकडावर सगळ्यात जास्त आढळते तिचे शास्त्रीय नाव ऑरिओबॅसिडियम. नाव लक्षात नाही राहिले तरी हरकत नाही, तिची भूक लक्षात ठेवा. लाकडावर बसलेली धूळ, फुलांचे पराग, हातांचा तेलकटपणा आणि आपण मोठ्या मायेने चोळलेले जवसाचे तेल, हे तिचे जेवण. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या ओलीत तिला उपाशी ठेवणे आपल्या हाती आहे, पाऊस थांबवणे नाही.

ही बुरशी लाकूड पोखरत नाही, पृष्ठभागावर राहते. लाकूड आतून कुजवणारी बुरशी निराळी, तिला आत मुरलेली भरपूर ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर ती कुजवणारी वाढत नाही. पण काळे ठिपके दिसतात तिथे ओल रेंगाळते आहे एवढे नक्की, आणि आज ठिपके आहेत तिथे चार पावसाळ्यांनी कुजकी फळी असू शकते. मरहूम आजोबांनी ऐन किंवा फणसाचे लाकूड निवडून बसवलेली तुळई दुसऱ्यांदा मिळत नाही. आज तशा लाकडाचा भाव विचारून पाहा म्हणजे कळेल.

काही पत्रांत वेगळीच भीती आहे. २०२१ साली करोनाच्या काळात "काळी बुरशी" हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी गेला. दारावर काळी बुरशी म्हणजे तोच आजार घरात आला का, असे दोघींनी विचारले. नाही. तो म्युकरमायकोसिस, त्याची बुरशी वेगळ्या कुळातली आणि ती स्वतः काळी नसते. तिने मारलेले शरीरातले मांस काळे पडते म्हणून ते नाव पडले. मधुमेह हाताबाहेर गेलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना तिने विशेष गाठले. दारावरच्या बुरशीने तसे होत नाही. मात्र दम्याच्या आणि ॲलर्जीच्या माणसांना हिचे बीजाणू त्रास देतात हे खरे. म्हणून हे काम त्यांना सांगू नये, आणि काम चालू असताना त्यांना ओटीवर बसवू नये.

कामाला लागण्यापूर्वी डाग कशाचा ते ओळखा. निम्मे कष्ट चुकीच्या औषधावर वाया जातात. काळ्या डागावर ब्लीचचे दोन थेंब टाका आणि एक-दोन मिनिटे थांबा. डाग फिकट झाला तर बुरशी. तसाच राहिला तर चुलीचा धूर, रस्त्याची धूळ किंवा दुसरे काही, आणि त्याला साबण-पाणी पुरे. हिरवे आणि बुळबुळीत असेल तर ते शेवाळ, चिऱ्याच्या जोत्यावर आणि पायऱ्यांवर असते तेच. राखाडी, चिकटलेल्या पापुद्र्यासारखे दिसते ते दगडफूल. हो, बिर्याणीच्या आणि निहारीच्या पोटलीत आपण टाकतो त्याचेच भाऊबंद, पण दारावरचे खरवडून डब्यात भरू नका! ते ओले करून लाकडी पट्टीने सोडवले तर निघते. खिळ्यांभोवती आणि बिजागरीखाली निळसर-काळा ओघळ असेल तर ती बुरशी नाही. लोखंडाचा गंज आणि लाकडातला तुरटपणा यांचा तो संयोग आहे. त्यावर ब्लीच ओतून काही होत नाही. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागते, ते विषारी असते. ते काम आम्ही तरी जाणत्या सुताराकडे सोपवू.

शेवटी एक पेचकस घ्या आणि चौकटीचा पाया, खांबाचा तळ, फळ्यांची खालची टोके टोचून पाहा. टोक सहज आत रुतले, लाकूड ओल्या बिस्किटासारखे लागले, तर धुण्याचा प्रश्न संपला. सुताराला बोलवा.

धुवायला दिवस कोरडा हवा, पण ऊन थेट अंगावर नको. तळपत्या उन्हात औषध काम करण्यापूर्वीच वाळून जाते. दरवाजा पूर्वेचा असेल तर दुपारी, पश्चिमेचा असेल तर सकाळी. जुने सुती कपडे, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क. मोगरा, कढीपत्ता, कुंड्या, जे काही खाली असेल त्याला आधी भरपूर पाणी मारा, म्हणजे ओघळ मुळांपाशी गेला तरी पातळ होईल. कोंबड्या आणि शेळी दुसरीकडे. घराशेजारी विहीर असेल तर धुतलेले पाणी तिच्याकडे वाहणार नाही असा मातीचा छोटा बांध घाला. कडी-कोयंडा, पितळी चुका, बिजागऱ्या यांना व्हॅसलिन चोळून ठेवा, कारण ब्लीच धातूला खाते.

कोरड्या बुरशीवर कधीही कुंचा किंवा पॉलिश पेपर चालवू नये. सगळे बीजाणू उडून नाकात आणि घरात जातात. पहिल्यांदा ओले करा. मग कपड्यांची साधी पावडर कोमट पाण्यात विरघळवून मऊ ब्रशने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. नारळाचे सोडण चालते, आमच्या मते ब्रशपेक्षा बरे. तारेचा ब्रश मात्र नको. त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात, गंजतात आणि मघाशी सांगितलेले निळे-काळे डाग पाडतात. कित्येक घरी एवढ्यावरच तीन चतुर्थांश काम होते, पुढे जावेच लागत नाही.

उरलेल्या डागांसाठी औषध. अमेरिकेत मॅडिसन गावी १९१० पासून केवळ लाकडाचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिचे प्रमाण जगभर वापरले जाते आणि आपल्या बादलीतही बसते: एक भाग घरगुती पातळ ब्लीच, तीन भाग कोमट पाणी, आणि अशा चार लिटरना अर्धी वाटी साबणाची पावडर. पावडरीत अमोनिया नाही ना, ते पुड्यावर वाचून घ्या. ब्लीच ४ ते ५ टक्क्यांचे असावे, बाटलीवर लिहिलेले असते. तारीखही पाहा, उष्णतेने आणि उजेडाने ते महिन्यागणिक कमजोर होते. मागच्या वर्षीची अर्धी बाटली म्हणजे जवळजवळ खारे पाणीच.

गावात पातळ ब्लीच मिळत नसेल तर विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर चालते. ताजी असेल तर एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम. पाण्यात पावडर टाकावी, पावडरीवर पाणी नव्हे. ढवळून तासभर ठेवा, वरचे निवळ पाणी तेवढे घ्या. तळाचा चुना लाकडावर गेला तर पांढरे थर बसतात. साबण या निवळीत शेवटी घाला.

आधी दाराच्या मागच्या कोपऱ्यात लावून पाहा, कारण ब्लीचने लाकडाचा रंगही उतरतो. ठीक वाटले तर स्पंजाने खालून वर लावत जा. उलट वाटेल, पण वरून खाली लावले तर कोरड्या लाकडावर ओघळाच्या रेघा पडतात आणि त्या शेवटपर्यंत दिसतात. १० ते १५ मिनिटे ओले ठेवा, वाळू देऊ नका. मग स्वच्छ पाण्याने वरून खाली, दोनदा धुवा. बाग शिंपायची नळी पुरते. मोटारी धुवायचा जोराचा पंप घेऊन फिरणारी पोरे हल्ली गावोगाव आहेत. तासाभरात घर चकाचक करून देतात हे कबूल, पण तो झोत लाकडाचे तंतू उसवतो आणि फळ्यांच्या फटींतून पाणी आत ढकलतो. जे पाणी काढायला आपण बसलो, तेच आत भरायचे पैसे मोजायचे! सिमेंटच्या पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या नव्या फळ्या लावलेल्या बंगल्यांनाही हीच पद्धत लागू पडते. तिथे बुरशी फळीवर नाही, फळीवरच्या धुळीवर जगते, त्यामुळे निघतेही पटकन.

ब्लीच नकोच, असे म्हणणाऱ्यांसाठी सिरका आहे. झोपाळ्याचा पाट, बाक, खुर्ची अशा लहान वस्तूंवर पांढरा सिरका तासभर ठेवून पुसला तर हलकी बुरशी जाते. माडीच्या अख्ख्या भिंतीला तो पुरा पडत नाही. टाकणखाराचे पाणी डाग काढत नाही, पण धुऊन झाल्यावर पुसले तर नवी बुरशी धरायला उशीर लावते. टाकणखार पोरांच्या हाताला लागू देऊ नये.

आता रंगाचा प्रश्न. बुरशीवर रंग मारला तर ती मरत नाही. रंगाखाली ओल तशीच राहते, बुरशी त्याच रंगातून वर येते, आणि पुढच्या श्रावणात पोपडे सुटतात. कुवेतहून आलेले पैसे भिंतीवरून गळून पडताना पाहायचे नसतील तर धुतल्यावर दोन-तीन कडक उन्हाचे दिवस जाऊ द्या. कोरड्या लाकडाचे उभे राहिलेले तंतू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलके बसवा, मग रंग. डब्यावर "बुरशीरोधक" असे लिहिलेले असावे.

जवसाच्या तेलाबद्दल आमचे मत काही वाचकांना आवडणार नाही. घरोघरी दारांना तेल चोळायची रीत आहे, आणि घरात आतल्या बाजूला ती छान आहे. बाहेर पावसाच्या तोंडावर मात्र ते तेल म्हणजे बुरशीला दस्तरखान मांडून देणे. लावायचेच असेल तर अगदी पातळ लावा, उरलेले पुसून काढा, आणि पुसलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाची गोळा केलेली फडकी आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा. काजूच्या टरफलांचे तेल लाकूड टिकवायला जुनेच आहे, बुरशीही त्याला कमी धरते, पण ते कातडीला भाजते. हातमोज्यांशिवाय त्याला हात नको, आणि ज्या बाकावर माणसे बसतात तिथे नकोच.

सर्वांत अवघड पत्रे बंद घरांची. माणसे मुंबईला किंवा आखातात, घराला मे महिन्यात जाग, बाकी अकरा महिने कुलूप. पूर्वी पावसाच्या तोंडाला पडवीला झावळ्यांचे झाप बांधत. त्यातून पाऊस अडे आणि वारा जाई. आता निळी ताडपत्री खिळ्यांनी घट्ट ठोकतात, ती पाऊस अडवते आणि आतली ओलही अडवते. ऑक्टोबरात काढली की तिच्यामागे काळी भिंत. ताडपत्री लावायचीच तर लाकडापासून हातभर दूर, वरून आणि खालून हवा खेळेल अशी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडची कौले उडाली, अनेक घरांवर पत्रे आले. पत्र्याची पावळी आखूड ठेवली असेल तर पागोळ्या थेट जोत्यापाशी पडतात आणि चिखलाचे शिंतोडे फळ्यांच्या पायथ्याला बसतात. पन्हळ लावून घ्या, किंवा पागोळी पडते तिथे खडी पसरा. भिंतीला टेकवलेली लाकडे, चढवलेली बोगनवेल, रचून ठेवलेली कौले, सगळे हातभर मागे घ्या. किल्ली ज्या शेजाऱ्यांकडे आहे त्यांना नुसते "लक्ष ठेवा" म्हणू नका. पावसाची उघडीप मिळेल त्या दिवशी दोन्हीकडची दारे-खिडक्या दोन तास उघडा, असे स्पष्ट सांगा. आणि त्यासाठी त्यांना काही द्या, हे त्यांचे काम नाही.

कोरीव चौकटीबद्दल ज्या भगिनीने विचारले आहे त्यांना: तिथे ब्लीच मुळीच नको. कोमट साबण-पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले सुती फडके आणि जुना मऊ टूथब्रश, एका दिवसात एक वीतभरच. नक्षीत पाणी साचू देऊ नका, लगेच कोरड्या फडक्याने टिपा आणि सावलीत वारा लागू द्या. आठवडा लागेल. त्यानंतरही नक्षीच्या खाचांत काळे राहिले तर तसेच राहू द्या. त्या खाचा मोकळ्या करायला सुई किंवा चाकू लावू नका.

वाळवीबद्दलची पत्रे हातात आहेत, त्यांची उत्तरे पुढच्या अंकात.